ज्ञानाचे घर कोणाला विचारून बांधावे?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो गृहस्थ चांगलाच पोळलेला असला पाहिजे. घर बांधायला काढले की गवंड्यापासून गृहलक्ष्मीपर्यंत सर्वांच्या मर्जी सांभाळाव्या लागतात, आणि एवढे करूनही स्वयंपाकघरातला धूर नेमका माजघरात शिरतो तो शिरतोच. पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती सहसा आपल्या ध्यानात येत नाही. जो घर बांधतो तोच त्यात राहायला जातो. धूर कोंडला तर पाणी त्याच्याच डोळ्यांत येते, आणि पुढच्या उन्हाळ्यात भिंत फोडून तोच झरोका पाडतो. करणारा आणि भोगणारा एकच असल्यामुळे या व्यवहारात न्याय आपोआप होतो.

विद्यापीठाच्या इमारतीला हा न्याय लागू पडत नाही. तेथे पैसा देणारा एक, ठराव करणारे दुसरे, नकाशा काढणारा तिसरा आणि विटा वाहणारे चौथे. आणि ऐन उमेदीची चार वर्षे, किंवा संशोधक असेल तर अर्धा जन्म, त्या भिंतींच्या आत काढणारे पाचवेच कोणी असतात. पहिल्या तिघांची नावे संगमरवरी पाटीवर येतात. चौथे काम संपताच आपली पाले उचलून दुसरीकडे जातात. आणि ज्यांच्या डोळ्यांत धूर जायचा असतो त्या पाचव्यांना 'चूल कुठे मांडू?' असे विचारायचे बहुधा राहूनच जाते.

हा प्रश्न केवळ सोयीचा आहे असे पुष्कळांना वाटते. मला तो नीतीचा वाटतो. भिंत ही एकदा उभी राहिली की ती आज्ञाच असते. ती बोलत नाही, पण 'इकडून ये, तिथे बस, पलीकडच्याशी बोलू नकोस' असे रोज सांगत असते, आणि तिच्याशी वाद घालता येत नाही. एखाद्या प्राध्यापकाने वर्गात अरेरावी केली तर तो कधीतरी निवृत्त होतो. भिंत शंभर वर्षे निवृत्त होत नाही. इतका दीर्घ अधिकार दुसऱ्याच्या आयुष्यावर गाजवायचा तर त्याआधी त्याला एक शब्द विचारावा, एवढी अपेक्षा काही फार नव्हे.

योजनांच्या कागदपत्रांत हल्ली अशा सर्व संबंधितांना 'भागधारक' म्हणतात. तो शब्द वाचला की माझ्या डोळ्यांपुढे गिरणीचे शेअर उभे राहतात. 'हितधारक' असाही एक पर्याय आहे. तो ऐकायला सोवळा, पण तितकाच परका. आपल्या जुन्या गावगाड्याला ही कल्पना मुळीच नवी नव्हती. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग या बलुतेदारांना खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. यांच्यावाचून गाव चालत नाही याची कबुली त्या वाट्यात होती. पण विहीर कुठे खणावी, वेस कुठे बांधावी आणि कोणाची घरे वेशीबाहेर असावीत, हे ठरवताना त्यांपैकी किती जणांना विचारले गेले? त्यांना वाटा होता, शब्द नव्हता. वाटा देणे आणि शब्द देणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या विद्यापीठांतही आपण पुष्कळदा पहिली देऊन दुसरी दिल्याचे समाधान मानतो.

शब्द न विचारल्याने काय होते याचे एक उदाहरण वास्तुकलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटची विटांची भव्य वास्तू ज्यांनी रचली, त्या लुई कान यांनी त्याआधी, १९५७ पासून, अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी वैद्यकीय संशोधनाची एक इमारत बांधली. रिचर्ड्स प्रयोगशाळा हे तिचे नाव. दूषित हवा बाहेर टाकणारे उंच विटांचे मनोरे आणि मध्ये काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या खोल्या अशी ती रचना होती. जाणकार तिच्यावर इतके लुब्ध झाले की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९६१ साली त्या एकट्या इमारतीवर प्रदर्शन भरवले. इकडे आत बसलेले शास्त्रज्ञ मात्र खिडक्यांना कागद आणि चंदेरी वर्ख चिकटवत होते! ऊन थेट मेजावर येई, डोळे दिपत. उघड्या ठेवलेल्या नळ-नळ्यांवर धूळ साचे. चित्रकारांच्या प्रशस्त कार्यशाळेसारखी मोकळी खोली कान यांच्या मनात होती. जंतूंचे प्रयोग करणाऱ्याला बंद दार आणि मंद उजेड हवा होता. कान हे काही बेफिकीर गृहस्थ नव्हते. शाळेचा जन्म झाडाखाली बसून चार जणांशी बोलणाऱ्या माणसापासून झाला, असे ते नेहमी सांगत. झाडाखालचा माणूस त्यांना स्पष्ट दिसत होता. सूक्ष्मदर्शकापुढचा पुरेसा दिसला नव्हता.

पण त्याच कान यांच्याच चरित्रात या कथेचा उत्तरार्ध आहे. पोलिओच्या लशीमुळे १९५५ साली जगाचे दैवत बनलेले डॉ. जोनास साल्क १९५९ च्या अखेरीस त्यांना भेटायला आले. कॅलिफोर्नियात ला होया येथे समुद्रकाठी त्यांना एक संशोधनसंस्था काढायची होती. या वेळी वास्तुकार आणि शास्त्रज्ञ कित्येक महिने एकमेकांशी बोलत राहिले. प्रयोगशाळांच्या चार रांगा आणि दोन अंगणे असा नकाशा ठरला होता. १९६२ साली साल्क यांनी तो मोडायला लावला. दोन अंगणे म्हणजे पुढेमागे दोन तट, असे त्यांच्या मनाने घेतले. दुसरा कोणी कलावंत असता तर रुसून बसला असता. कान यांनी पुन्हा कोरा कागद घेतला. १९६५ साली उभ्या राहिलेल्या वास्तूत मध्ये एकच अंगण आले आणि दोन्ही बाजूंना खांब नसलेल्या लांबरुंद प्रयोगशाळा आल्या. आतल्या भिंती हव्या तेव्हा हलवता याव्यात अशी ती योजना होती. प्रत्येक प्रयोगशाळेच्या माथ्यावर केवळ नळ, तारा आणि हवेच्या वाहिन्यांसाठी माणूस उभा राहील एवढ्या उंचीचा स्वतंत्र मजला ठेवला. नळजोडणी करणारा कारागीर तिथे आपले काम करतो, आणि खालच्या शास्त्रज्ञाचा प्रयोग बिघडत नाही. शिवाय एकान्तात विचार करायला समुद्राकडे तोंड असलेल्या लाकडी अभ्यासिका आहेत. अंगणात झाडे लावायची होती. मेक्सिकोचे वास्तुकार लुईस बारागान यांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले की येथे एक पानही लावू नका. तेही ऐकले गेले. कोणाचा शब्द कुठे कामी आला हे त्या वास्तूत बोट ठेवून दाखवता येते, आणि तरीही ती कान यांचीच आहे. विचारल्याने कलावंताचे काही उणे होत नाही, याला याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

येथे एक चोखंदळ वाचक मला थांबवील. तो म्हणेल, "आमच्या मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे काय? सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी तो लंडनमध्ये बसून रचला. हिंदुस्थानात त्यांनी पाऊलही टाकले नव्हते. प्रेमचंद रायचंदांनी दोन लाख रुपये दिले आणि आईचे नाव मागितले. विद्यार्थ्याला कोणी काही विचारले नाही. तरी १८७८ पासून पिढ्यान् पिढ्या तिथल्या ग्रंथालयात बसून लोक शिकले, आणि आज ती इमारत जागतिक वारशात गणली जाते. पुणे विद्यापीठाचे तर विचारूच नका. गव्हर्नरसाहेबांच्या मेजवान्यांसाठी बांधलेल्या वाड्यात १९४९ साली ते भरले, आणि छान चालले!"

आक्षेप खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. चांगल्या वास्तूशी माणूस जुळवून घेतो. माणसाइतका जुळवून घेणारा प्राणी दुसरा नाही. पण जुळवून घेण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हे त्यात विसरले जाते. धडधाकट तरुण भव्य पायऱ्या दोन-दोन टाकीत चढतो. कुबड्या घेतलेला त्याच पायऱ्यांपाशी थबकतो. मुंबईचे दीक्षान्त सभागृह १८७४ साली तयार झाले, तेव्हा तिथे पदवी घ्यायला स्त्री येईल हे बांधणाऱ्यांच्या गावीही नव्हते. पुढच्याच दशकात कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. वास्तू सुंदर असली की तिचे कौतुक करणारे बोलतात. जिच्यामुळे अडले ते मुकाट्याने दुसरी वाट धरतात. म्हणून 'काही तक्रार नाही' हा इमारतीच्या निर्दोषपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

मग सर्वांना विचारावे असे ठरले तर ते कसे? अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाने याची मोठ्या धिटाईने वाट काढली. विद्यार्थ्यांच्या असंतोषाचा तो काळ होता. विद्यापीठाने क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुकाराला बोलावले, आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत सुचवली ती १९७५ साली 'द ऑरेगन एक्सपेरिमेंट' या पुस्तकात प्रसिद्ध झाली. पन्नास वर्षांचा भव्य आराखडा एकदम काढू नये. थोडे थोडे वाढत जावे. काय बांधायचे आणि कसे, हे ते वापरणाऱ्यांच्याच गटाने ठरवावे. वास्तुकाराने त्यांना मदत करावी. आणि दरवर्षी सगळ्या आवाराची नाडी पाहावी, म्हणजे कोणती जागा नांदती आहे आणि कोणती मेली आहे ते नकाशावर मांडावे. हा शेवटचा नियम मला विशेष आवडतो. माणसाची प्रकृती दरवर्षी तपासावी असे आपण मानतो. अंगणाला आणि जिन्यालाही प्रकृती असते हे आपल्याला सुचत नाही.

पण ऑरेगनच्या पद्धतीतच एक गमतीची अडचण लपलेली आहे, आणि मला वाटते, या साऱ्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. विद्यार्थी हा विद्यापीठाचा चार वर्षांचा पाहुणा. आज तो गटात बसून नव्या इमारतीविषयी बोलेल. इमारत उभी राहीपर्यंत तो पदवी घेऊन नोकरीला लागलेला असेल. म्हणजे ज्याला विचारले तो राहायला येत नाही, आणि जो राहायला येईल तो आज कुठल्या तरी गावी सातवीत शिकत आहे. मग या विद्यार्थ्याला विचारायचे ते कशासाठी?

याचे उत्तर असे की त्याला मागणी विचारायची नसते. साक्ष विचारायची असते. 'तुला काय हवे?' असे विचारले की माणूस वकिलासारखा बोलू लागतो. प्रत्येक विभागप्रमुखाला मोठी खोली हवी असते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला उपाहारगृह. तेच 'तू काल कुठे बसून वाचलेस, आणि तिथेच का?' असे विचारा. मग तो साक्षीदार होतो, आणि त्याची साक्ष त्याच्यानंतर येणाऱ्या अनोळखी मुलाच्या उपयोगी पडते. आंबा लावणारा आजोबा आपल्या जिभेसाठी लावत नाही. पण कोणत्या मातीत रोप जगते हे त्यालाच ठाऊक असते.

आणि साक्ष विचारायची म्हटली की साक्षीदारही बदलतात. मी ज्या महाविद्यालयात शिकवीत असे तिथे एकदा नव्या ग्रंथालयाची योजना निघाली. बैठका झाल्या, दात्याचा अर्धपुतळा कुठे ठेवावा यावर एक संपूर्ण संध्याकाळ खर्ची पडली. त्याच सुमारास जुन्या ग्रंथालयाच्या शिपायाशी मी दारात उभा राहून बोलत होतो. मुलांप्रमाणे आम्हीही त्याला मामाच म्हणत असू. रोज रात्री टेबलांवरची पुस्तके उचलून जागच्या जागी लावण्याचे त्याचे काम. तो सहज म्हणाला, "सर, त्या मोठ्या टेबलांवर मला कधी पुस्तकं सापडत नाहीत बघा. जिन्याच्या वळणावर सापडतात. तिथं दोघं-तिघं हळू आवाजात बोलत गणितं सोडवतात. आणि संध्याकाळी मुली काउंटरच्या जवळच्या बाकावर बसतात. पलीकडच्या टोकाला दिवा आहे, पण तिथं एकटं वाटतं म्हणतात."

बैठकीतल्या कोणालाही हे माहीत नव्हते. वीस वर्षे रोज रात्री ज्याने पुस्तके गोळा केली त्याच्यापाशी वाचनाचा असा नकाशा होता की जो कोणत्याही प्रश्नावलीने हाती लागला नसता. मी तो निरोप समितीपर्यंत पोहोचवला. तरुण वास्तुकार भला होता. तो एक दिवसभर मामाबरोबर फिरला. नव्या ग्रंथालयाच्या जिन्याला रुंद वळणे आली आणि त्यांवर बसायला कट्टे आले. मात्र समितीच्या इतिवृत्तात मामाचे नाव नाही. शब्द घेतला, पण खातेपुस्तकात जमा केला नाही.

अशा माणसांचा शब्द वाजतगाजत जमा करणारा एक विलक्षण पुरुष आपल्या भागात होऊन गेला. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश पंडित १९१७-१८ च्या सुमारास होळकरांच्या इंदूरात नगररचनेसाठी आला. शहरात प्लेग होता. लोकांना हा पायी गल्लोगल्ली हिंडणारा साहेब म्हणजे घरे पाडायला आलेला काळच वाटे. त्याचे चरित्रकार सांगतात की त्याने दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था मागून घेतली, आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या भागातले लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करतील त्या भागातून जाईल. मग काय विचारता! गाड्याच्या गाड्या भरून कचरा निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. आणि स्वच्छ पांढरी वस्त्रे नेसून, फुलांनी सजून सन्मानाने चालणारे शहराचे सफाई कामगारही होते. १९१८ साली गेडिसने दरबाराला जो विस्तृत अहवाल दिला त्यात इंदूरसाठी एका विद्यापीठाची योजनाही आहे. त्याच्या दृष्टीने शहर आणि विद्यापीठ हे वेगळे विषय नव्हतेच. वाड्याला हात लावण्यापूर्वी वाड्यात जा, लोक कसे राहतात ते पाहा, आणि जेवढे कापणे अगदी भाग आहे तेवढेच कापा, ही त्याची शिकवण. पुढच्याच वर्षी तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला, आपले गो. स. घुर्ये त्याच्याच पारखी नजरेतून पुढे आले.

गेडिसकडून शिकण्याजोगी गोष्ट मला ही वाटते की त्याने लोकांचे मत मागितले नाही. त्यांना कामात घेतले. ज्याने आपले अंगण स्वतः झाडले आहे तो नगररचनेविषयी जे बोलेल ते सभेतल्या भाषणापेक्षा निराळे असते.

तरीही जे अद्याप आलेच नाहीत त्यांचे काय? त्यांची साक्ष कोणी द्यावी? यावर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतली एक कुरूप इमारत बरेच काही सांगून जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, रडारच्या संशोधनासाठी तिथे लाकडाची एक तीन मजली इमारत घाईघाईने उभारली. तिला नावही नव्हते. नुसता विसावा क्रमांक. युद्ध संपताच ती पाडायची होती. ती पडली १९९८ साली! मधल्या पंचावन्न वर्षांत तिथे भौतिकशास्त्रज्ञ आले, ध्वनिशास्त्रज्ञ आले, नोम चॉम्स्कींसारखे भाषाशास्त्रज्ञ आले. ती तात्पुरती, म्हणून तिचा कोणाला अभिमान नव्हता. अभिमान नव्हता, म्हणून मनाई नव्हती. तार ओढायची तर भिंतीला भोक पाडा. उंच यंत्र बसवायचे तर मजला कापा. ती बांधताना त्या भाषाशास्त्रज्ञांना कोणी विचारले नव्हते, पण ते आल्यावर त्यांना कोणी अडवलेही नाही. उद्याच्या माणसाला आज विचारता येत नाही. त्याच्यासाठी फेरफार करण्याचा हक्क तेवढा शिल्लक ठेवता येतो. साल्क यांच्या हलत्या भिंतींनी हाच हक्क शहाणपणाने दिला. विसाव्या इमारतीने तो गरिबीमुळे दिला.

शेवटी एक अवघड गोष्ट उरते. सर्वांना विचारले की सर्वांचे जमत नाही. ग्रंथपालाला शांतता हवी, मुलांना बोलायला कोपरा हवा. संशोधकाला दार बंद हवे, आणि चार विषयांच्या लोकांनी एकमेकांना भेटावे म्हणून कुलगुरूंना ते उघडे हवे. पहारेकऱ्याला एकच फाटक पुरते. लांबून चालत येणाऱ्याला चार हवीत. यांतला कोणीही खोटे बोलत नाही. येथे हात वर करून मते मोजण्यात अर्थ नाही, कारण मोजणीत पहारेकरी नेहमीच एकटा पडेल. कोणीतरी निर्णय घेतलाच पाहिजे, आणि त्याची जबाबदारी 'आम्ही सर्वांना विचारले होते' असे म्हणून कोणालाही अंगाबाहेर टाकता येणार नाही.

म्हणून माझ्या मते विचारणे हे अर्धेच कर्तव्य आहे. ज्याला विचारले त्याच्याकडे परत जाऊन, 'तुझ्या शब्दाचे आम्ही असे असे केले; हे घेतले, हे घेता आले नाही, आणि ते या कारणासाठी' असे सांगणे हे उरलेले अर्धे. पाया भरून झाल्यावर सूचनांची पेटी टांगणारे पुष्कळ असतात. पण नकाशा बदलता येईल तोवर विचारणारे, आणि बदलला नाही तर समोर बसून कारण सांगणारे फार थोडे. माणसाला आपले म्हणणे डावलल्याचे दुःख होते, पण ते तो सोसतो. आपले म्हणणे कुठे गेले हेच न कळणे मात्र त्याला सोसवत नाही. ज्या घरात पुढच्या पिढ्यांना 'कारण सांग, पुरावा दे' असे शिकवायचे आहे, ते घर तरी कारण सांगून बांधलेले असावे.